फुलपाखरू हवं, तर अळी सोसा

हिंगोली जिल्ह्यात गावाकडच्या घराला परसात अर्धा-एक गुंठा जागा सहज निघते. पण हौसेने बाग करायची म्हटलं की नर्सरीतून क्रोटन येतो, डबल पाकळ्यांची जास्वंद येते आणि विकतची हिरवळ येते. बाग छान दिसते, मात्र तिच्यात कोणाला खायला काही नसतं. पाखरांसाठी बाग आखायची तर सुरुवात त्यांच्या खाण्यापासून करावी लागते.

एक लिंबू आणि एक कढीपत्ता एवढ्यावरही सुरुवात होते. पावसाळ्यात कोवळी पानं नीट पाहा. पानावर मोहरीएवढं पिवळसर गोल अंडं दिसेल. ते 'लिंबाळी' फुलपाखराचं. त्यातून निघणारी अळी आधी काळपट-पांढरी, थेट पाखराच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्षी सहसा तिच्याकडे वळत नाहीत. मोठी झाली की ती पानासारखी हिरवी होते. बोट लावलं तर डोक्यामागून नारिंगी शिंगाची जोडी बाहेर काढते आणि उग्र वास सोडते. दोन-तीन आठवडे पानं कुरतडून ती कोष करते. नेमक्या याच दिवसांत आपण फवारणीचा पंप उचलतो. घरचा निंबोळी अर्क असला तरी या अळीलाही तो किडीसारखाच बाधतो. घरच्या झाडाची थोडी पानं गेली तर जाऊ द्यावीत. लहान रोपावर फारच अळ्या झाल्या तर शेजारच्या मोठ्या लिंबावर हलवाव्यात.

कुंपणाकडेला उगवलेली रुई उपटू नका, 'बिबळ्या कडवा' हे फुलपाखरू तिच्यावर अंडी घालतं. कण्हेर आणि एरंडावरही वेगवेगळी फुलपाखरं वाढतात. अळ्या असल्या की पक्षी येतात. एरवी दाणे टिपणारी चिमणीही पिल्लांना मुख्यतः किडे-अळ्याच भरवते. त्यामुळे नुसते दाणे टाकून चिमण्या वाढत नाहीत.

मांडणी सोपी आहे. घरालगत भाजीचे वाफे आणि तुळस, मध्ये शेवगा नि लिंबू, कडेला बोर-करवंदाचं काटेरी कुंपण. काट्यांत घरटं केलं की मांजराचा उपद्रव कमी होतो. शेवग्याच्या फुलांवर शिंजीर आणि भुंगे येतात. पळस, पांगारा, काटेसावर उन्हाळ्याच्या तोंडावर फुलतात, पण गुंठ्यात ही झाडं मावत नाहीत, ती शेताच्या बांधावर लावावीत. बऱ्याच रानमधमाश्या जमिनीत बीळ करून राहतात, म्हणून थोडी जागा न खणता उघडीच ठेवा. न्हाणीच्या पाण्यावर कर्दळ, अळू, केळ उत्तम येतात.

खरी परीक्षा काळ्या मातीची. ती पावसात फुगते, पाणी धरते आणि उन्हाळ्यात भेगाळते. श्रावणात मुळाशी पाणी साचलं की लिंबू पिवळं पडतं. आपल्याकडे हळद गादीवाफ्यावर लावतात ती निचऱ्यासाठीच, तसंच झाडही थोड्या उंचवट्यावर लावा. मे महिन्यात दोन फुटी खड्डा खणून तापू द्यावा, शेणखत आणि मातीने भरावा आणि चांगला पाऊस झाल्यावर रोप लावावं.

उन्हाळ्यासाठी आच्छादन हवं, आणि ते इथे फुकट मिळतं. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिचं नाव झालं, पण काढणीआधी कापलेला पाला मात्र बऱ्याचदा बांधावरच वाळतो. तो झाडाच्या बुंध्यापासून वीतभर अंतर सोडून चार बोटं जाड पसरा. ओल टिकते, आणि खालच्या गांडुळांसाठी साळुंक्या येऊन पाला उकरतात. उकरू द्यावा, संध्याकाळी पुन्हा सारखा करता येतो.

पाण्यासाठी मातीचं पसरट भांडं पुरे. पाणी दोन इंचांहून खोल नको, मध्ये एक दगड ठेवा. डासाची पिढी तयार व्हायला आठवडाभर लागतो, म्हणून दर तिसऱ्या दिवशी भांडं घासून पाणी बदललं की डास होत नाहीत.

सापाची भीती प्रत्येक घरात निघते, आणि ती खोटी नाही. साप येतो तो मुख्यतः उंदीर-बेडकांमागे आणि आडोशाला. म्हणून पाल्याचा ढीग, विटा, सरपण दारापासून लांब ठेवा, धान्य बंद कोठीत ठेवा आणि रात्री बॅटरीशिवाय परसात जाऊ नका.

बाकी खर्च जवळजवळ नाहीच. यंदा हळद काढाल तेव्हा पाल्याची चार पोती घरी आणा, आणि मेमध्ये दोन खड्डे खणून ठेवा.