काटकसर हवीच, पण कुणाच्या ताटातून?

मैत्रिणींनो, आम्ही नाशिकचे म्हटलं की पाहुणेमंडळी एक विनोद हमखास करतात. "तुम्हाला काय बाई कमी? नोटांचा छापखानाच तुमच्या गावात!" नाशिकरोडच्या त्या छापखान्यात १९२८ पासून नोटा छापल्या जातात हे खरं, पण त्यातली एकही वाट चुकून आमच्या घरी आलेली नाही. तुमच्यासारखीच आमच्याकडेही नोट पगाराच्या दिवशी येते आणि वीस तारखेच्या सुमारास दिसेनाशी होते. उरलेले दहा दिवस गृहिणीने निभवायचे, असा जणू नियमच आहे.

काटकसरीवर तुम्ही पुष्कळ वाचलं असेल. मीही वाचलं होतं, आणि तरी ती चुकीची केली. म्हणून आधी माझी चूक सांगते, युक्त्या मागाहून.

गोष्ट २०२० सालची. टाळेबंदीनंतर जूनपासून ह्यांचा पगार निम्म्यावर आला. मी शाळेत तासिकेवर शिकवते. शाळा बंद म्हणजे तास नाहीत, आणि तास नाहीत म्हणजे मानधन नाही. घरात माणसं पाच: सासूबाई, आम्ही दोघं आणि दोन मुलं. मी पदर खोचला. दूध कमी केलं, म्हणजे माझा पेला बंद केला. फळं आणली तर ती मुलांना आणि सासूबाईंना. भाजी कमी पडली की माझी पोळी लोणच्याशी. डॉक्टरांनी लिहून दिलेल्या लोहाच्या गोळ्या संपल्या, त्या पुन्हा आणल्याच नाहीत. घरात कुणाला पत्ताही लागला नाही. खरं सांगू? मला त्याचा अभिमानच वाटत होता.

ऑगस्टमध्ये एका दुपारी गच्चीवरून वाळलेले कपडे आणताना जिन्यात डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी मटकन खाली बसले. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन आठ! तपासण्या, औषधं, दवाखान्याच्या फेऱ्या. दोन महिन्यांत पै-पै करून जे वाचवलं होतं, त्याहून जास्त एका आठवड्यात गेलं.

त्या संध्याकाळी सासूबाई माझ्या उशाशी येऊन बसल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या सिन्नर तालुक्यातल्या एका खेड्यात नव्यानेच सून म्हणून आल्या होत्या. दुष्काळी कामावर जाऊन त्यांनी खडी फोडलेली आहे. कामावर मिळणाऱ्या सुकडीची चव त्या अजून सांगतात. त्या म्हणाल्या, "तवाबी ताटात कमीच पडायचं. पण माझ्या सासूनं एक रीत पाडली होती. कमी करायचं तर समद्यांच्या ताटातलं घास घास कमी करायचं. एकीच्याच ताटातलं न्हाई. तू बचत नाही केलीस बाई, स्वतःकडून उसनं घेतलंस. उसनं फेडावं लागतंच."

माझ्या बी.ए.च्या अर्थशास्त्रात हे कुणी शिकवलं नव्हतं!

मी एकटीच अशी वेडी आहे असं समजू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांमध्ये ५७ जणींना रक्तक्षय आढळला. त्याची कारणं पुष्कळ आहेत, पण सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं जेवायची आपली सवय त्यात नाही, असं कोण म्हणेल?

तीन रकान्यांची वही

दुसऱ्या दिवशी मुलीच्या जुन्या वहीतली कोरी पानं शिवून मी हिशेबाची वही केली. पानावर तीन रकाने आखले. पहिला 'टाकलं असतं, ते वापरलं'. दुसरा 'विकत आणलं असतं किंवा वाया गेलं असतं, ते वाचवलं'. तिसरा 'स्वतःचं कापलं'. पहिले दोन भरायचे आणि तिसरा महिनाअखेर कोराच राहायला हवा. सासूबाई चष्मा लावून तो रकाना तपासतात. त्यांच्या तपासणीपुढे शाळा तपासणी काहीच नाही!

पहिला रकाना: टाकलं असतं ते

दोडक्याच्या शिरा आणि दुधीची सालं स्वच्छ धुऊन, तेलावर परतून, तीळ आणि सुकं खोबरं घालून चटणी होते. कोथिंबिरीचे कोवळे देठ वाटणात जातात. सकाळच्या पोळ्या उरल्या तर संध्याकाळी फोडणीची पोळी. साय साठवून लोणी काढते, तूप कढवते. खाली राहिलेली बेरी कणकेत मळली की पोळ्या खुसखुशीत होतात. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी कुंड्यांना. दुधाची पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, पिशवीलाच लटकता ठेवा. ते इवले तुकडे कचऱ्यात हरवतात, आणि अख्खी पिशवी धुऊन वाळवली तर भंगारवाला वजनावर घेतो.

जुन्या सुती साड्यांचं तर काय सांगू! चांगला भाग असेल त्याच्या बाजारच्या पिशव्या शिवा. मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली, तेव्हापासून माझ्या पर्समध्ये अशी एक घडी कायम असते. मऊ झालेल्या चार-पाच साड्या एकावर एक अंथरून धावदोऱ्याने गोधडी शिवा. सासूबाईंनी शिवलेली गोधडी दहा वर्षं झाली तरी नाशिकच्या थंडीला पुरून उरते. त्याहून जीर्ण कापड फडक्यांना. बोहारीण आली तर तिला जरीची नाहीतर नायलॉनची साडी द्या, सुती मुळीच देऊ नका. पितळेचं फुटकं भांडंही अडगळीत टाकू नका. आमच्या भांडी बाजारात मोडीला वजनावर पैसे मिळतात. तुमच्या गावातही एखादं दुकान असेलच.

दुसरा रकाना: वाचवलं ते

नाशिककरणीने कांद्यावर बोलायचं नाही म्हणजे काय! लाल कांदा टिकत नाही, तो लागेल तसाच आणावा. एप्रिल-मेमध्ये येणारा उन्हाळ कांदा मात्र नीट ठेवला तर चार-पाच महिने सहज निघतो. आम्ही शेजारणीशी निम्मी निम्मी गोणी वाटून घेतो. ओलसर आणि जाड मानेचे कांदे आधी वेगळे काढून संपवायचे. उरलेले पलंगाखाली, हवेशीर जागी, गोणपाटावर पसरायचे, बटाट्यांपासून दूर. आठवड्यातून एकदा हात फिरवून मऊ पडलेला कांदा उचलायचा. पावसाळ्याअखेर भाव चढतात तेव्हा हीच गोणी उपयोगी पडते.

तसंच द्राक्षांचं. फेब्रुवारी-मार्चमध्ये सुटे मणी स्वस्तात मिळतात. बिनबियांचे गोड मणी धुऊन, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवून, वर पातळ कापड घालून उन्हात वाळवले की घरचे बेदाणे तयार. चार किलोंचे साधारण किलोभर होतात. मुलांच्या खाऊची सोय झाली, आणि आता माझ्याही!

विजेचा हिशेब मी फळ्यावर मांडतात तसा मांडला. साठ वॅटचा जुना दिवा काढून नऊ वॅटचा एलईडी लावला आणि तो रोज सहा तास जळला, तर एका दिव्यामागे महिन्याला सुमारे नऊ युनिट वाचतात. आमच्याकडे असे दोन जुने दिवे होते. डाळ अर्धा तास भिजवून मग कुकरला लावते, आणि वरण, भात, बटाटे एकाच वेळी डब्यांत. पहिली शिट्टी झाली की आच बारीक. गळक्या नळाखाली एका रात्री बादली ठेवून पाहिली, तर सकाळी ती निम्मी भरलेली! नळातला वायसर बदलायला वीस रुपयेही लागले नाहीत.

इथे मात्र हात आखडू नका

गॅसच्या रबरी नळीची मुदत संपली की ती बदलाच. कुकरची रिंग सैल झाली तर चालढकल नको. तळून काळपट झालेलं तेल पुन्हा पुन्हा वापरू नका. तासन् तास बाहेर राहिलेला भात वाया जाईल म्हणून पोटात ढकलू नका. औषधं, चष्मा, दातांचं दुखणं आणि स्वतःचा दुधाचा पेला हा खर्च उधळपट्टीत मोडत नाही. ह्यांनाही मी ती वही दाखवली. त्या महिन्यापासून ह्यांचा दिवसातला एक चहा कमी झाला, मुलांची बिस्किटं आठवड्यातून दोनदाच आली, आणि सगळ्यांच्या पेल्यात थोडं थोडं दूध आलं. सासूबाईंच्या सासूबाईंची रीत आमच्या घरात अशी परत आली.

वाचलं ते गेलं कुठे?

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. वाचलेला पैसा त्याच दिवशी वेगळा काढला नाही, तर तो वाचलाच नाही असं समजा. तो भाजीत, भिशीत, आहेरात विरघळतो. पहिल्या महिन्यात माझ्या दोन रकान्यांची बेरीज सहाशेच्या घरात गेली. सप्टेंबर २०२० मध्ये मी पोस्टात माझ्या नावाचं पाच वर्षांचं आवर्ती ठेव खातं उघडलं. महिन्याला शंभर रुपयांपासूनही ते उघडता येतं. मी पाचशेचं घेतलं. गल्लीतल्याच एक बाई महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजनेच्या एजंट आहेत. त्या दर महिन्याला दारात येऊन उभ्या राहतात, त्यामुळे चुकारपणाला जागा नाही. ही योजनाही १९७२ सालचीच, हे ऐकून सासूबाईंना फार गंमत वाटली.

सप्टेंबर २०२५ मध्ये ते खातं पुरं झालं. भरलेल्या तीस हजारांचे चौतीस हजार आठशेच्या वर हाती आले. "आता सोफा घेऊ या," मुलं म्हणाली. सासूबाई म्हणाल्या, "पैसा तिच्या वहीतला आहे, तिला विचारा." मी मुक्त विद्यापीठात एम.ए.ला नाव घातलं. फी भरून उरलेले पैसे पुन्हा पोस्टात ठेवले. सोफा जुनाच आहे. त्याला जुन्या चादरीचं नवं कव्हर शिवलंय.

मैत्रिणींनो, आज रात्री सगळ्यांची जेवणं झाल्यावर एक वही घ्या आणि तीन रकाने आखा. तिसऱ्या रकान्यात गेल्या महिन्याचं जे जे आठवेल ते खरं खरं लिहा. मग वही मिटून ठेवू नका. घरातल्यांच्या समोर उघडी ठेवा.