कोकेनला न जुमानणारे उंदीर

कोकेन टोचलं की उंदीर सैरावैरा धावू लागतो. पण अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात मार्क कॅरन यांच्या चमूने वाढवलेले काही उंदीर औषधाविनाच अखंड धावत असायचे आणि कोकेन दिल्यावरही त्यांच्यात काडीचा फरक पडत नसे. ॲम्फेटामिनचीही तीच गत. ही गोष्ट १९९६ची.

या उंदरांचं एकच जनुक निकामी केलेलं होतं. मज्जापेशी निरोप देण्यासाठी डोपामिन सोडते आणि काम झालं की वाहक नावाचं प्रथिन ते पुन्हा आत ओढून घेतं. कोकेन या वाहकाला अडवतं. ॲम्फेटामिन त्याच्या वाटेने पेशीत शिरतं आणि आतला साठा उलट्या दिशेने बाहेर काढतं. ड्यूकच्या उंदरांमध्ये हा वाहकच नव्हता. त्यांच्या मेंदूत सुटलेलं डोपामिन नेहमीपेक्षा किमान १०० पट जास्त वेळ रेंगाळत होतं. मग कोकेन अडवणार कोणाला?

सगळं कोडं डोपामिननेच सुटलं, असं वाटत असतानाच १९९८मध्ये नवी माहिती आली. हेच उंदीर संधी मिळताच स्वतःहून कोकेन घेत होते! धावपळ वाढत नव्हती, ओढ मात्र कायम होती. कोकेन सेरोटोनिन आणि नॉरॲड्रेनालिन या इतर निरोप्या रसायनांच्या वाहकांनाही अडवतं, हे इथे महत्त्वाचं ठरतं. २००१मध्ये डोपामिन आणि सेरोटोनिन या दोन्हींचे वाहक नसलेल्या उंदरांवर प्रयोग झाला, तेव्हा कोकेनची गोडी नाहीशी झालेली दिसली.

‘डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन’ हे वाक्य आज मोबाइलपासून मिठाईपर्यंत कशालाही चिकटवलं जातं. या उंदरांपुढे ते टिकत नाही.

त्याहून चकित करणारा प्रयोग १९९९चा. अंगात वारं भरल्यासारख्या धावणाऱ्या याच उंदरांना मिथाइलफेनिडेट हे उत्तेजक दिलं आणि ते शांत झाले. डोपामिनची पातळी बदललीच नव्हती. सेरोटोनिनवर काम करणारं फ्लुओक्सेटिन दिल्यावरही तोच परिणाम दिसला. माणसांत असंच काहीसं खूप आधी दिसलं होतं. ऱ्होड आयलंडमधले डॉक्टर चार्ल्स ब्रॅडली यांनी १९३७मध्ये ३० मुलांना बेन्झेड्रिन हे ॲम्फेटामिनचं उत्तेजक औषध दिलं होतं. त्यातली बरीच मुलं शांत झाली, अभ्यासाला लागली. उत्तेजकाने शांत कसं व्हायचं, हा प्रश्न तेव्हापासूनचा. अर्थात चंचल मुलाच्या मेंदूत वाहक असतोच, त्यामुळे उंदराचं उत्तर जसंच्या तसं मुलाला लावता येत नाही.

उंदरांबाबतही एक शंका उरली होती. जन्मापासून वाहक नसेल तर मेंदू स्वतःची घडी वेगळी बसवत असणार. म्हणून ओहायोतल्या संशोधकांनी वाहक शाबूत ठेवला, फक्त कोकेन त्याला नीट चिकटणार नाही एवढाच बदल केला. २००६मध्ये निकाल आला: या उंदरांना कोकेनची गोडी लागली नाही, उलट ते घेतल्यावर त्यांची हालचाल मंदावली. म्हणजे सर्वसाधारण मेंदूत डोपामिनचा वाहक अडल्याशिवाय कोकेनचं आकर्षण निर्माण होत नाही. पण वाहक मुळातच नसला, तर तीच ओढ दुसऱ्या वाटेने उभी राहू शकते.

व्यसनाधीन माणसाला ‘मनाचा खंबीरपणा नाही’ म्हणून मोडीत काढणाऱ्यांनी ही गुंतागुंत एकदा नीट पाहावी. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कोकेनच्या व्यसनासाठी अजून एकाही औषधाला मंजुरी दिलेली नाही. एकाच वेळी तीन वाहकांना अडवणाऱ्या या पदार्थावर उतारा शोधताना, डोपामिनचं रोजचं काम न बिघडवता फक्त कोकेनची पकड कशी सोडवायची, हा पेच संशोधकांपुढे आजही आहे.