वाख, ताग आणि अंबाडी : तंतूंच्या नावांतील ज्ञान

कृत्रिम तंतूंना पर्याय म्हणून वनस्पतिजन्य तंतूंचा विचार आज पुन्हा होऊ लागला आहे. संयुक्त राष्ट्रसंघाने २००९ हे वर्ष नैसर्गिक तंतूंचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून पाळले, ते याच जाणिवेतून. या प्रश्नाची चर्चा रसायन, कृषी आणि अर्थकारण या अंगांनी होते. त्याला भाषेचेही एक अंग आहे, याकडे मात्र क्वचितच लक्ष जाते. प्रस्तुत लेखात धाराशिव जिल्ह्यातील येडशी व तिच्या भोवतालचा बालाघाटाचा प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून या अंगाचे विवेचन करावयाचे आहे.

येडशीजवळचे रामलिंग हे स्थान लोकपरंपरेने रामाच्या वनवासाशी जोडलेले आहे. वनवासी रामाचे वस्त्र वल्कल, म्हणजे झाडाच्या सालीचे. संस्कृत ‘वल्क’ म्हणजे साल. त्याचे प्राकृत रूप ‘वक्क’ आणि त्यापासून मराठी ‘वाक’ किंवा ‘वाख’. अंबाडीच्या सालीतून सुटणाऱ्या तंतूला शेतकरी आजही वाख म्हणतो. पुराणातील वल्कल आणि गोठ्यातील दोर हे अशा रीतीने एकाच शब्दकुळातील ठरतात.

या प्रदेशाला परिचित असलेल्या तंतुवनस्पती मुख्यतः तीन. पहिली अंबाडी, ज्वारीच्या पिकात किंवा शेताच्या कडेने ओळीने पेरली जाणारी, पाला भाजीसाठी व साल दोरासाठी देणारी. दुसरा ताग. तिसरे घायपात किंवा केकताड. हे मूळचे अमेरिका खंडातील, बांधावर कुंपण म्हणून रुजलेले. पहिल्या दोहोंचे ताट साठलेल्या पाण्यात काही दिवस कुजत घालतात. सूक्ष्म जंतू सालीतील पेक्टिन विरघळवितात व तंतू मोकळे होतात. केकताडाचा तंतू सालीत नसून पानात असतो; पान ठेचून व खरवडून तो काढावा लागतो. वाख हा शब्द तिन्हींना लागतो, परंतु ‘अंबाडीचा’ की ‘केकताडाचा’ हे विशेषण जोडल्यावाचून जाणकाराचे समाधान होत नाही.

तंतूपासून वस्तूकडे गेल्यास नावे अधिकच काटेकोर होतात. बैलाला हाकण्याचा तो कासरा, गुरे बांधण्याचे ते दावे, नाकातील ती वेसण, मोटेचा तो नाडा, नारळाच्या काथ्याचा तो सुंभ. ‘दावे’ व ‘दावण’ यांच्या मुळाशी संस्कृत ‘दामन्’ आहे. दामोदर या नावातील दाम तोच. धान्याची ‘गोणी’ तर संस्कृतातून जशीच्या तशी आली, आणि इंग्रजांनी तिचेच ‘गनी’ केले. या प्रत्येक नावात जाडी, पीळ आणि काम यांचे ज्ञान साठविलेले आहे.

नायलॉन १९३५ मध्ये अमेरिकेत प्रयोगशाळेत तयार झाले, पॉलिप्रॉपिलीन १९५४ मध्ये इटलीत. पुढे त्यांचे दोर खेड्यांत पोहोचले. ते स्वस्त, हलके आणि पावसात न कुजणारे असल्याने शेतकऱ्याने ते स्वीकारले, यात नवल नाही. न कुजणे हाच मात्र त्यांचा दोषही ठरला. झिजलेल्या दोराचे बारीक कण मातीत राहतात. भाषेतही एक बदल झाला. कशाचा तंतू, हा प्रश्नच उरला नाही. बाजारात ‘नायलॉनचा’ म्हणून मिळणारा दोर पुष्कळदा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, आणि ते कोणाला खटकत नाही.

शब्दाची ही ढिलाई निरुपद्रवी नसते. ‘ताग’ हे याचे उत्तम उदाहरण होय. मराठी शेतकऱ्याचा ताग म्हणजे क्रोटॅलॅरिया जुन्सिया. संस्कृतात शण, हिंदीत सन. हे शेंगावर्गीय पीक असून हिरवळीच्या खतासाठी जमिनीत गाडले जाते. वृत्तपत्रांतील ताग म्हणजे मात्र ज्यूट, बंगालीतील पाट; त्याला गंगेच्या मुखाकडील उष्ण, दमट हवा आणि विपुल पाणी लागते. १९८७ च्या कायद्याने काही मालासाठी पिशव्या सक्तीच्या केल्या, त्या या ज्यूटच्या. तेव्हा ‘ताग लावा’ असा सल्ला पर्जन्यछायेतील येडशीच्या शेतकऱ्याने वाचला, तर त्याने कोणते बी आणावे? उत्तर शब्दात नाही, आणि चूक झाल्यास हंगाम त्याचा जातो.

याचा अर्थ जुने सर्व परत आणावे, असा नव्हे. तंतू कुजविण्यास साठलेले पाणी लागते आणि ते पाणी दूषित होते. अवर्षणप्रवण भागात ही अडचण लहान नाही. शिवाय दोर वळण्याचे कसब बलुतेदारीत प्रामुख्याने मातंग समाजातील कारागिरांकडे होते. त्र्यंबक नारायण आत्रे यांच्या ‘गावगाडा’ (१९१५) या ग्रंथात त्या व्यवस्थेचे वर्णन आहे. त्या कसबाचा मोबदला वर्षाकाठी मिळणारे धान्य, आणि त्यास जोडलेली सामाजिक अप्रतिष्ठा. वनस्पतिजन्य तंतूंचा पुरस्कार करताना कसबाला मान व रोख दाम मिळणार नसेल, तर तो पर्याय टिकाऊ म्हणता येणार नाही.

भाषाभ्यासकाचे काम या ठिकाणी स्पष्ट होते. शब्दसंग्रह करताना ‘एक प्रकारचा दोर’ एवढ्या अर्थावर थांबू नये. प्रत्येक शब्दापुढे वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तंतू काढण्याची रीत, पेडांची संख्या, वस्तूचा उपयोग आणि शब्द जेथे चालतो ते गाव, इतके नोंदवावे. हे शब्द ज्यांच्या हाताखालून गेले, ती माणसे आज वृद्ध आहेत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, अशी म्हण आहे. परंतु बोलणारा गेला म्हणजे शब्दाचा पीळ उकलावयास कोणी राहत नाही. यास्तव ही नोंद आताच होणे इष्ट आहे.