सबमिशनआधीचं डिंभे

यंदा मार्चमध्ये विभागाच्या सूचनाफलकावर कागद लागला. चौथ्या सत्राचा मल्टिमीडिया प्रकल्प 'उपलब्ध साहित्यातून' करावा, बाहेरगावी चित्रीकरण टाळावं, आराखड्यासाठी एआयची मदत घेतली तरी चालेल. विभागाचं नाव घेण्यात अर्थ नाही. मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवतो आणि सत्र संपत आलं की मुलांना घेऊन डिंभ्याला जातो. जात होतो, असं आता म्हणायला हवं.

पुण्यात पत्रकारितेचं शिक्षण नवं नाही. रानडे इन्स्टिट्यूटमधला विद्यापीठाचा विभाग १९६४चा. त्यानंतरची चाळीसेक वर्षं इथं उरकून टाकतो: मुलं प्रायोगिक अंक काढायची, मुद्रितशोधनाच्या खुणा पाठ करायची, पीटीआयच्या बातम्यांची भाषांतरं घोटायची. त्या काळाबद्दल गहिवरणारे पुष्कळ आहेत, त्यांना गहिवरू द्यावं. माझं दशक २०१० ते २०१९.

डिंभंच का? एक तर सोय. शिवाजीनगरहून एसटीनं मंचर, तिथून घोडेगाव, पुढे भीमाशंकरच्या रस्त्यावर धरण. दुसरं म्हणजे इथं विषय शोधावा लागत नाही. तालुका आंबेगाव, पण ज्या गावावरून हे नाव पडलं ते घोड नदीवरच्या या धरणात बुडालं आणि तालुक्याचा कारभार घोडेगावातून चालतो. जलाशयाला नाव हुतात्मा बाबू गेनूंचं, तेही याच तालुक्यातले. साडेतेरा टीएमसीच्या या धरणाचं पाणी डाव्या कालव्यानं येडगावकडे आणि उजव्यानं शिरूरच्या बाजूला जातं. धरणाच्या वरच्या अंगाला महादेव कोळ्यांच्या वाड्या आहेत, तिथं उन्हाळ्यात बाया हंडे घेऊन चालतात. हा विरोधाभास एका फोटोत मावत नाही. त्याला नकाशा लागतो, आवाज लागतो, आकडे लागतात. मल्टिमीडिया म्हणतात ते यासाठीच.

त्या दशकात आमचं नियोजन सोपं असायचं. सत्राच्या पहिल्या पंधरवड्यात एक फेरी कॅमेऱ्याशिवाय. परत आल्यावर फळ्यावर दोन रकाने: विद्यापीठाचं वेळापत्रक आणि डिंभ्याचं. दुसऱ्या रकान्यात काय असायचं? पाणी ओसरेल तशी उघडी पडणारी गाळपेराची जमीन. मार्चनंतर झाडावरून उतरणारा बाळहिरडा, तो अंगणात वाळवणं आणि मग भावासाठी व्यापाऱ्याशी घासाघीस. जलाशयातली मासेमारी. विस्थापित आदिवासींची मच्छीमार सहकारी संस्था उभी राहिली त्यामागे आनंद कपूर आणि कुसुम कर्णिक यांच्या 'शाश्वत'चं अनेक वर्षांचं काम होतं. ते समजून घेतल्याशिवाय होडीचा शॉट लावायला मी परवानगी देत नसे. भाताची आवणी मात्र कुणालाच मिळायची नाही. ती जुलैत, आणि प्रकल्प एप्रिलमध्ये. मग हुशार गट आधीच्या पावसाळ्यातच जाऊन चित्रण करून ठेवायचे. धरणाच्या भिंतीवर चित्रीकरण करायचं तर पाटबंधारे खात्याचा कागद लागतो आणि तो कागद आपल्या गतीनं येतो, हेही मुलं तेव्हाच शिकली.

त्याच काळात, २०१२च्या डिसेंबरात, न्यूयॉर्क टाइम्सचं 'स्नो फॉल' आलं. हिमस्खलनाची ती गोष्ट पुढच्या वर्षी पुलित्झर घेऊन गेली आणि आमच्याकडे चर्चासत्रांना ऊत आला. प्रत्येक वक्ता पडद्यावर तेच बर्फ सरकवून दाखवी. त्या कामामागे अनेक महिन्यांचं वार्तांकन आणि ग्राफिक्सवाल्यांचं मोठं पथक होतं, हे सांगायला कुणाला वेळ नव्हता. मुलांनी त्यातून एवढंच उचललं की आधी साचा, मग गोष्ट. ड्रोन पाहिजे, हा हट्ट तिथूनच. २०१४मध्ये डीजीसीएनं खासगी ड्रोनवर बंदी घातली तेव्हा मला मनापासून बरं वाटलं होतं.

त्याच वर्षी ३० जुलैला तालुक्यातल्याच माळीण गावावर दरड कोसळली. दीडशेच्या आसपास माणसं डोंगराखाली गेली. पुढच्या एप्रिलपासून विषयांच्या यादीत शेकरूच्या जागी माळीण आलं. काही गटांनी सवंग काम केलं, मी त्यांचे गुण कापले. पण एका गटानं रडणारी माणसं टिपण्याऐवजी नव्या गावठाणाच्या जागेचा प्रश्न धरला आणि कागदपत्रं, नकाशे, घरोघरचं बोलणं असं सगळं रचलं. नवं माळीण आमड्याजवळ २०१७च्या एप्रिलमध्ये लोकांच्या ताब्यात दिलं गेलं आणि पहिल्याच पावसात तिथले रस्ते खचले, तेव्हा त्या मुलांचं काम किती नेमकं होतं ते कळलं. विभागात ते कुणी पुन्हा उघडून पाहिलं नाही.

ते आता उघडणारही नाही. कितीतरी प्रकल्प फ्लॅशमध्ये होते. २०२०च्या ३१ डिसेंबरला अडोबीनं फ्लॅश थांबवलं. काही स्टोरिफायवर होते, ते २०१८मध्ये बंद पडलं. उरलेले पेनड्राइव्हमध्ये आणि फॉरमॅट झालेल्या संगणकांत गेले. डिंभ्यातल्या एका आजींनी मला विचारलं होतं, "गेल्या साली पोरांनी काढलं ते कुठंय?" त्यानंतर गावात जाऊन दाखवणं हा प्रकल्पाचा भाग केला: समाजमंदिरात चादर बांधायची आणि प्रोजेक्टर लावायचा. चुका तिथंच पकडल्या जायच्या, कारण प्रेक्षकांना सगळी नावं ठाऊक असत.

२०२० ते २०२२ घरी बसून गेली. सांगण्यासारखं काही नाही.

आणि आता हे उपलब्ध साहित्य. एका विद्यार्थ्यानं दाखवलेला एआयचा आराखडा वाचला: पार्श्वभूमी, विस्थापितांची व्यथा, तज्ज्ञांचं मत, आशेचा किरण. उजनीला लावा, कोयनेला लावा, एक शब्द बदलावा लागणार नाही. डिंभ्याचाच म्हणावा असा विषय मात्र समोर होता: डिंभे–माणिकडोह या धरणांमधल्या नियोजित बोगद्यावरून दोन बाजूंच्या पुढाऱ्यांची जुंपली. बोगद्याचं तोंड खालच्या पातळीला ठेवलं तर डिंभे रिकामं होईल, ही आंबेगावकरांची भीती. आपल्या हक्काचं पाणी पोचत नाही, ही खालच्या भागातल्या लोकांची तक्रार. कुठल्या पातळीला किती पाणी उरतं, हे एका साध्या आलेखात दाखवता येईल. त्या विषयाचा एकही अर्ज यंदा आला नाही.

विभागप्रमुखांना एवढीच विनंती: सत्राच्या पहिल्या महिन्यात एक दिवस मोकळा द्या, प्रवासाचं एसटीचं भाडं मंजूर करा, आणि शंभरातले दहा गुण गावात दाखवून आल्याचे ठेवा. आराखडा कुठून आणायचा ते मग मुलांवर सोडा.