जीप किती उचलावी?

श्रोतेहो, किनाऱ्यावरच्या गावांत हल्ली तरुण मंडळी एक प्रश्न हटकून विचारतात. जीप उंच करून घ्यावी का, आणि तिला मोठे टायर घालावेत का? मांडव्यापासून हरिहरेश्वरापर्यंतचा आपला रायगडचा किनारा पाहिला, तर हा प्रश्न निघणे साहजिक आहे. एका बाजूला पुळण, दुसऱ्या बाजूला खाडीचा चिखल, पाठीशी डोंगर, आणि पावसाळ्यात वाडीवरचा रस्ता म्हणजे नुसता ओढा. त्यातच २०२० साली भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी घेऊन येणारी रो-रो बोट सुरू झाली, आणि मुंबईच्या उंच गाड्या आपल्या दारावरून जाऊ लागल्या. त्या पाहून आपलीही जीप तशी दिसावी असे कोणाला वाटले, तर त्यात नवल नाही.

पण आपली जीप नुसती मिरवायची नसते. तीच मासळीच्या टोपल्या नेते, नारळ नेते, आणि अडल्या वेळी बाळंतिणीला दवाखान्यात पोहोचवते. तिच्या अंगात फेरफार करायचा तर त्याने काय मिळते आणि काय जाते, हे आधी नीट समजून घेतले पाहिजे.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्या. गाडी उचलणे आणि चाक मोठे करणे, ही दोन कामे अगदी निराळी आहेत. बैलगाडीचेच उदाहरण घ्या. आस आणि साटा यांच्यामध्ये लाकडाचे ठोकळे घातले, तर साटा उंच होईल, पण आस होता तिथेच राहील. वाटेतला जो धोंडा काल आसाला लागत होता, तो आजही लागेल. उलट चाकच मोठे केले, तर आससुद्धा वर जाईल. जीपचेही असेच आहे. स्प्रिंगा किंवा पाटे उंच केले की चॅसिस आणि वरचा सांगाडा वर जातो. पण पाट्यांवर बसवलेल्या जुन्या जीपच्या आसाच्या मधोमध जो डिफरन्शियलचा गोळा असतो, तो तसूभरही वर जात नाही. गाडीचा सगळ्यांत खालचा भाग बहुधा तोच. त्याला वर नेणारी वस्तू एकच, ती म्हणजे टायर.

मग पाटे उंच करतात तरी कशाला? त्याचे कारण, मोठा टायर मडगार्डला घासू नये, चाकाला खाली-वर व्हायला जागा मिळावी, आणि चढ सुरू होताना गाडीचे नाक जमिनीला लागू नये. हे फायदे खरे आहेत. पण ते फुकट मिळत नाहीत.

आता टायरचा हिशेब करू. शिक्षक बंधुभगिनींनी हे गणित वर्गात जरूर घालावे. टायरच्या अंगावर २४५/७५ आर १६ असे काहीतरी छापलेले असते. २०२० साली आलेल्या थार गाडीच्या काही प्रकारांना हाच टायर होता. यातला २४५ हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. ७५ म्हणजे टायरची भिंत त्या रुंदीच्या शेकडा ७५ उंच आहे. आर म्हणजे रेडियल बांधणी, आणि १६ म्हणजे आतल्या रिमचा व्यास इंचांत. २४५ चे शेकडा ७५ काढले की १८४ मिलिमीटर भिंत येते. अशा भिंती दोन, एक वर आणि एक खाली. त्यांत १६ इंचांचे ४०६ मिलिमीटर मिळवा. चाकाचा व्यास झाला सुमारे ७७४ मिलिमीटर. आता त्याच रिमवर २८५/७५ चा टायर घातला, तर व्यास होतो सुमारे ८३४. वाढ झाली ६० मिलिमीटरची. पण आस चाकाच्या मध्यावर असतो, म्हणून तो वर गेला निम्माच, म्हणजे ३० मिलिमीटर. हजारो रुपये खर्चून पदरात पडले ते दोन बोटांचे अंतर.

आणि त्यापायी गेले काय? चाकाचा घेर शेकडा आठाच्या जवळपास वाढला. मीटर मात्र जुन्याच चाकाच्या हिशेबाने बोलतो. तो ताशी ६० किलोमीटर दाखवील, तेव्हा गाडी प्रत्यक्षात ६५ च्या आसपास पळत असेल. मोठे चाक फिरवायला इंजिनाला जास्त जोर लागतो, चढावर गियर उतरवावा लागतो, डिझेल अधिक जळते. तेच चाक थांबवायला ब्रेकलाही तितकाच जास्त जोर लागतो, आणि ब्रेक तर जुनेच असतात. शिवाय जड टायरचा भार बेअरिंगवर आणि स्टीअरिंगच्या सांध्यांवर पडतो, तो वेगळाच.

यापेक्षाही मोठी गोष्ट तोल जाण्याची. एक आगपेटी पाटीवर आडवी ठेवा आणि दुसरी तिच्याशेजारी उभी ठेवा. आता पाटी एका बाजूने हळूहळू उचला. आधी कोणती पडते? उभी. दोघींचे वजन सारखेच, पण उभ्या पेटीचा गुरुत्वमध्य, म्हणजे जिथे सारे वजन एकवटले आहे असे मानता येते तो बिंदू, उंचावर असतो आणि तिचा पाया अरुंद असतो. समजा, एका जीपच्या डाव्या-उजव्या चाकांमधले अंतर १५० सेंटिमीटर आहे आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ७५ सेंटिमीटरवर आहे. अशी गाडी कागदावरच्या हिशेबाने ४५ अंश कलेपर्यंत उलटणार नाही. पाटे आणि टायर मिळून हा बिंदू १० सेंटिमीटरने वर नेला, तर तीच गाडी ४१ अंशांच्या जरा पुढे कोलमडेल. चार अंशांनी काय होते, असे कोणी म्हणेल. पण हा हिशेब रिकाम्या, उभ्या गाडीचा आहे. कार्ले खिंडीच्या वळणावर गाडी वेगात असते, पाटे एका अंगाला दबतात, आत दहा माणसे त्याच अंगाला झुकतात आणि टपावर सामान असते. तिथे चार अंश ही फार मोठी शिल्लक असते, बरं का! टपावर ओझे बांधणाऱ्या जीपने तर उंच होण्याचा विचारच करू नये.

कामाला हात लावण्यापूर्वी कायदाही माहीत हवा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ सांगते, की नोंदणीपुस्तकातला तपशील कारखानदाराने मुळात ठरवलेल्या तपशिलाहून वेगळा पडेल असा बदल मालकाने परस्पर करू नये. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हाच अर्थ स्पष्ट केला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा बेकायदा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. अपघात झालाच, तर विमा कंपनीही याच मुद्द्यावर बोट ठेवू शकते. तेव्हा आधी कंपनीच्या अधिकृत दुकानात आणि पेणच्या परिवहन कार्यालयात लेखी विचारावे, मगच पाना उचलावा. आपल्या गाडीच्या प्रकाराला कंपनीने स्वतः जे टायर सांगितले असतील, त्यांतला निवडणे हा सगळ्यांत सरळ मार्ग.

परवानगी असेल आणि काम करायचेच असेल, तर ते कसे चालते ते पाहा. जुन्या जीपला पाटे असतात, म्हणून तिचेच सांगतो. गाडी सपाट, टणक जागी उभी करावी. जी चाके जमिनीवर राहणार, त्यांच्या मागे-पुढे दगड लावावेत. मग जॅकने चॅसिस उचलून ती लोखंडी घोड्यांवर टेकवावी. नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. जॅक सरकतो, आणि त्याची सूचना तो देत नाही. आसाखाली दुसरा जॅक धरून चाक काढावे, शॉक अब्सॉर्बर सोडावा, मग यू-बोल्ट आणि शॅकल सोडून जुना पाटा उतरवावा. नवा, जास्त बाकाचा पाटा चढवताना त्याच्या मधल्या बोल्टचे डोके आसावरच्या खाचेत बरोबर बसले पाहिजे. ते चुकले, तर आस तिरका बसतो आणि गाडी खेकड्यासारखी चालते. यू-बोल्ट नवेच घ्यावेत आणि समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळावेत. पाट्यांच्या टोकांना रबरी बुश असतील, तर तिथले बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी राहिल्यावरच शेवटचे घट्ट करावेत. नाहीतर रबर पिळून जाते.

काही ठिकाणी स्वस्तात काम उरकण्यासाठी पाटा आणि आस यांच्यामध्ये एकावर एक ठोकळे रचतात, किंवा लांबलचक शॅकल घालतात. या वाटेला जाऊ नये. ब्रेक दाबला की आस पिळवटतो, आणि ठोकळा जितका उंच तितका तो पीळ वाढतो. पुढच्या आसावर तर ठोकळा घालूच नये.

पाटे बसले म्हणजे काम संपले असे नाही. चाक पूर्ण खाली लोंबू द्या आणि ब्रेकचा रबरी पाइप ताणला जात नाही ना, ते पाहा. तो तुटला, तर पायाखालचा ब्रेक गेलाच म्हणून समजा. शॉक अब्सॉर्बर नव्या उंचीला पुरेल इतका लांब हवा. प्रोपेलर शाफ्टचा कोन वाढलेला असतो. गाडी थरथरू लागली, तर त्याचा सांधा लवकर झिजणार हे ओळखावे. स्टीअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून टायर कुठे घासत नाही ना, ते बघावे आणि व्हील अलाइनमेंट करून घ्यावी. गाडी उंच झाली की दिव्यांचा झोतही उंच होतो आणि समोरच्याचे डोळे दिपवतो, म्हणून तो खाली करावा. जादा चाकही त्याच मापाचे ठेवावे. आणि आठवड्याभराने सगळे यू-बोल्ट पुन्हा आवळून पाहावेत.

आता पुळणीचा प्रश्न घेऊ. काशीदला, दिवेआगरला मऊ वाळूत गाडी रुतते, ती उंची कमी म्हणून नव्हे. ती रुतते, कारण टायरचा थोडाच भाग जमिनीला टेकतो आणि सगळे वजन तिथे येते. लोखंडी धाव असलेली गाडी वाळूत फसते, आणि डनलॉप चाकांची तरून जाते, हे आपण पाहिलेलेच आहे. तेव्हा औषध हवेत आहे! एरवी टायरमध्ये तीस पौंडांच्या आसपास हवा असेल, तर वाळूसाठी ती सोळा-अठरा पौंडांवर आणावी. टायर लांबट पसरतो आणि गाडी वाळूवर तरंगल्यासारखी चालते. अशा वेळी वेग कमी ठेवावा, जोराने वळू नये, आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा पुन्हा भरावी. रुतलीच, तर चाक नुसते गरगर फिरवू नका, त्याने खड्डाच खोल होतो. फावड्याने वाळू काढा आणि चाकापुढे झावळ्या किंवा फळ्या घाला. हवेचा मापक, पंप, फावडे आणि दोर यांचा खर्च उंचीच्या कामापुढे काहीच नाही.

पाण्याच्या बाबतीत उंचीचा भरवसा तर मुळीच धरू नये. वाहत्या पाण्याची खोली दोन फुटांवर गेली, की बहुतेक मोटारी वाहून जाऊ शकतात. मोठा टायर हवेने भरलेला असतो, तो गाडीला उलट तरंगायलाच मदत करतो. आणि भरतीपुढे तीन इंच ते काय! उधाणाच्या वेळी आपल्याकडे पाणी चार मीटरांच्या आसपास चढते, आणि भरतीच्या तिसऱ्या-चौथ्या तासात ते सगळ्यांत झपाट्याने येते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते, हा आपल्या कोळीबांधवांचा ठोकताळा मुलांना जरूर शिकवावा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. खाऱ्या पाण्याचा स्पर्श झाला, तर त्याच दिवशी गाडी खालून गोड्या पाण्याने धुवावी. तापलेला डिफरन्शियल पाण्यात बुडाला, तर निवताना तो पाणी आत ओढतो आणि तेल ताकासारखे पांढरे होते. तसे दिसले, तर तेल लगेच बदलावे.

आणखी एक विनंती. नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत दिवेआगर, हरिहरेश्वरच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. ती हातभर खोल असतात, वरून काहीच दिसत नाही. त्यावरून चाक गेले की वाळू दबते आणि पिलांची वाट बंद होते. मज्जाव असो वा नसो, पुळण ही मोटारीची सडक नव्हे. होडी ओढायला किंवा कोणाला वाचवायला गाडी न्यावी लागली तर गोष्ट वेगळी.

तेव्हा मंडळी, खर्चाचा क्रम असा ठेवा. आधी ब्रेक, मग योग्य मापाचे चांगले टायर, मग हवेचा मापक आणि फावडे. एवढे करूनही वाडीच्या वाटेवर गाडी खरोखरच अडत असेल, तर जाणत्या मिस्त्रीला विचारून, कायद्यात बसेल तितकीच, थोडी उंची वाढवावी. गाडी दिसते किती उंच, यापेक्षा ती माणसे घरी सुखरूप आणते की नाही, यावरच तिची किंमत ठरते.