मलय शिकताना मराठीची सोबत

खंडाळ्याहून क्वालालंपूरला निघालेल्या मराठी प्रवाशाला मलय भाषेत स्वतःची ओळख करून देणं सहज जमतं. ‘नामा साया मीरा. साया दारी खंडाळा.’ म्हणजे ‘माझं नाव मीरा. मी खंडाळ्याची.’ यातला ‘नामा’ संस्कृतातून तिकडे गेला. ‘आपा खाबार?’ म्हणजे ‘कसं काय?’; त्यातला ‘खाबार’ आपल्या ‘खबर’सारखाच मूळचा अरबी.

व्याकरणही सुटसुटीत. नामांना लिंग नाही, काळानुसार क्रियापद बदलत नाही. ‘साया माकान’ म्हणजे मी खातो किंवा खाते. मध्ये ‘सुदाह’ आलं की खाल्लं, ‘आकान’ आलं की खाईन. अनेकवचनासाठी बहुधा शब्दच दोनदा म्हणतात: ‘बुकु-बुकु’, पुस्तकं.

‘कामी’ आणि ‘किता’ यांतला फरक इंग्रजीत नाही, मराठीत मात्र आहे. कामी म्हणजे आम्ही, किता म्हणजे आपण.