छंद आणि छांदिष्ट – लेखांक 9 : टेबलावरचं नागभीड

मागच्या लेखांकात पुण्यातल्या जोशींच्या लघुरेल्वे संग्रहालयाची ओळख झाली आणि 1:87 या प्रमाणाचा अर्थही आपण पाहिला. खऱ्या गाडीचे 87 सेंटिमीटर म्हणजे प्रतिकृतीतला एक सेंटिमीटर. जगभरचे छांदिष्ट या प्रमाणाला ‘एचओ’ म्हणतात. आता पुढचा प्रश्न, आणि तोच खरा अवघड: गाडी कोणती करायची? बाजारात जर्मन, अमेरिकी, इंग्रजी इंजिनं तयार मिळतात. चंद्रपूर-गडचिरोलीकडच्या वाचकांना माझं कळकळीचं सांगणं आहे, या परदेशी इंजिनांच्या मागे लागू नका. आपल्या भागातली छोटी गाडी करा. त्यामागे जिव्हाळा आहेच, पण आकड्यांचा हिशेबही आहे.

आधी गाडीचा इतिहास. बंगाल-नागपूर रेल्वे 1887 साली स्थापन झाली. तिचं मुख्यालय कलकत्त्याला होतं. मुख्य मार्ग मोठ्या रुळांचा, पण सातपुड्याच्या आणि वैनगंगेच्या खोऱ्यात या कंपनीनं 2 फूट 6 इंच रुंदीच्या, म्हणजे 762 मिलिमीटरच्या, रुळांचं मोठं जाळं विणलं. एक फाटा गोंदियाहून उत्तरेला जबलपूरकडे गेला. दक्षिणेकडचा फाटा वडशाजवळ वैनगंगा ओलांडून ब्रह्मपुरीवरून 1908च्या सुमारास नागभीडला आला. नागपूरहून उमरेड, भिवापूर अशी येणारी लाईनही त्याच काळातली. पुढे 1913च्या सुमारास सिंदेवाही, मूल, केळझर असं जंगल कापत रूळ चांदा फोर्टपर्यंत पोचले. चंद्रपूरला आजही दोन स्टेशनं आहेत ती यामुळेच: एक जुन्या जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्शुला) रेल्वेचं, दुसरं बंगाल-नागपूरचं. गडचिरोली जिल्ह्याला तर वडसा हेच एक रेल्वे स्टेशन कितीतरी पिढ्या माहीत होतं.

या जाळ्यावरची इंजिनं म्हणजे छांदिष्टाला खजिनाच. ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश कंपनीनं 1906-08च्या दरम्यान बांधलेली ‘सीसी’ वर्गाची इंजिनं मला सर्वांत देखणी वाटतात. त्यांची चाकरचना 4-6-2. हे आकडे कसे वाचायचे ते इथेच सांगून टाकतो, कारण इंजिनांच्या सगळ्या गप्पा याच भाषेत चालतात. पहिला आकडा पुढच्या मार्गदर्शक चाकांचा, मधला ओढ देणाऱ्या मोठ्या चाकांचा, शेवटचा मागच्या आधारचाकांचा. पुढची चार चाकं वळणावर इंजिनाला वाट दाखवतात. मागची दोन अग्निपेटीचा भार पेलतात, म्हणून ती पेटी रुंद करता येते आणि वाफ जास्त मिळते. मालगाडीसाठी वेग कमी असला तरी चालतो, ओढ जास्त लागते. म्हणून ‘झेडई’ वर्गाची रचना 2-8-2 अशी. वाफ संपल्यावर ‘झेडडीएम’ मालिकेतली डिझेल इंजिनं आली आणि नागपूर-नागभीड गाडी शेवटपर्यंत त्यांनीच ओढली.

आता आकड्यांचा हिशेब, आणि त्यासाठी थोडं आयर्लंडला जाऊ. तो देश आपल्या रेल्वेला अगदीच परका नाही. डब्लिनजवळ जन्मलेला रिचर्ड मॉन्सेल हा नामवंत इंजिन-रचनाकार तिथल्याच इंचिकोरच्या रेल्वे कारखान्यात तयार झाला आणि 1890च्या दशकात आपल्याकडच्या ईस्ट इंडियन रेल्वेतही त्यानं नोकरी केली. आयर्लंडचे मोठे रूळ 5 फूट 3 इंचांचे, आपले 5 फूट 6 इंचांचे. जगात सर्वत्र विकली जाणारी प्रतिकृतींची सामग्री मात्र 4 फूट साडेआठ इंचांचा रूळ धरून बनते. तिच्या रुळांमधलं अंतर साडेसोळा मिलिमीटर. आयरिश छांदिष्ट बहुधा एका फुटाला चार मिलिमीटर हे प्रमाण वापरतात. त्यांना खरं तर 21 मिलिमीटरचे रूळ हवेत. तयार रुळांवर त्यांची गाडी ठेवली, की ती खऱ्या मापानं फुटाहून थोड्या जास्त अरुंद वाटेवर उभी राहते. 1939 साली इंचिकोरला बांधलेलं ‘मेव्ह’ हे त्यांचं सर्वांत लाडकं एक्स्प्रेस इंजिन. त्याचा रुबाब अशा रुळांवर समोरून पाहताना उणावतो. त्यामुळे तिथे दोन पक्ष आहेत. काही जण तयार रुळांवर समाधान मानतात. काही जण 21 मिलिमीटरचा प्रत्येक रूळ, प्रत्येक सांधा हातानं जोडतात, चाकंही नव्या आसावर बसवतात. ही चर्चा त्या देशात अनेक दशकं चालू आहे. मला दुसऱ्या पक्षाचं मोल वाटतं, पण नवशिक्यानं त्या वाटेनं सुरुवात करू नये.

आपल्या मोठ्या लाईनची अडचण तीच. 1676 मिलिमीटरला 87नं भागलं तर 19.26 मिलिमीटर येतात आणि बाजारातला रूळ साडेसोळाचा. खऱ्या मापात साडेनऊ इंचांची तूट. पण छोट्या लाईनचा हिशेब करून पाहा: 762 भागिले 87 म्हणजे 8.76. बाजारात 9 मिलिमीटरचे रूळ सहज मिळतात! खऱ्या मापात फरक जेमतेम दोन सेंटिमीटरांचा, जो डोळ्याला कळतच नाही. शिवाय ऑस्ट्रियातल्या डोंगरी गाड्या 760 मिलिमीटरच्या, आपल्याहून फक्त दोन मिलिमीटरनं कमी. त्यांच्या शौकिनांसाठी युरोपातल्या कंपन्या याच प्रमाणात रूळ आणि चाकं बनवतात. स्लीपरांमधलं अंतरही त्यात छोट्या लाईनला शोभेल असं असतं. म्हणजे ज्या तडजोडीवरून आयर्लंडमध्ये वाद झडतात, ती चंद्रपूरच्या माणसाला करावीच लागत नाही. ज्यांची नजर अधू झाली आहे किंवा ज्यांना मोठं इंजिन हाताळायला आवडतं, त्यांनी 1:48 प्रमाण घ्यावं. त्यात 762चे 15.9 मिलिमीटर होतात आणि तोच सर्वत्र मिळणारा साडेसोळाचा रूळ चालून जातो.

जागेचं काय? नागपूर ते नागभीड सुमारे 106 किलोमीटर. 1:87 प्रमाणातही ही लाईन सव्वा किलोमीटर लांब होईल. तेव्हा एकच स्टेशन निवडायचं, आणि माझ्या मते ते नागभीडच असावं. 1990च्या दशकात गोंदिया-चांदा फोर्ट लाईन टप्प्याटप्प्यानं मोठी झाली, पण नागपूरची फांदी नोव्हेंबर 2019पर्यंत छोटीच राहिली. ती सारी वर्षं नागभीडला मोठे आणि छोटे रूळ शेजारी होते आणि प्रवासी एका गाडीतून उतरून दुसरीत बसत. आयर्लंड बेटावर स्ट्रॅबेन नावाचं असंच जंक्शन होतं. तिथे 5 फूट 3 इंचांचे आणि 3 फुटांचे रूळ भेटत. 1960 आणि 1965 अशा दोन टप्प्यांत तिथली रेल्वे बंद पडली. टेबलावरच्या नागभीडला मोठ्या लाईनपुरती साडेनऊ इंचांची तडजोड करावी लागेल हे खरं. पण मोठी गाडी मागच्या बाजूला, छोटी पाहणाऱ्याच्या पुढ्यात ठेवली, तर ती खटकणार नाही.

सुरुवात फार खर्चाची नसावी. नऊ मिलिमीटर रुळांवर धावणारा एखादा तयार सांगाडा घ्यावा, त्यात 12 व्होल्टची मोटर असते, एका रुळातून वीज येते आणि दुसऱ्यातून परत जाते. त्यावर आपल्या इंजिनाचं धड प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याचं करावं. हात बसला की पितळी पत्रा आणि सोल्डरिंगकडे वळावं. पहिल्या प्रयत्नाला डिझेल इंजिन घ्या. त्याची चाकं खाली झाकलेली असतात आणि अंग सपाट पत्र्यांचं, त्यामुळे ते निभतं. वाफेच्या इंजिनाचे हलते दांडे नवशिक्याला फार छळतात. भोवतालचा देखावा मात्र बाहेरून विकत आणू नका. चाळलेला मुरूम, वाळवलेली चहापत्ती, बांबूच्या काड्या, सागाचा भुसा हे सगळं आपल्याकडे आहे. बांध घातलेली धानाची बांदी आणि अंगणात वाळत पडलेली भिवापुरी मिरची जर्मन डब्यात मिळणार नाही.

प्रतिकृतीचं काम शेवटी माहितीवर उभं राहतं. सिरिल फ्राय हा इंचिकोरच्या रेल्वे कारखान्यातला माणूस. नोकरीत हाताशी असलेले मूळ आराखडे पाहून त्यानं आयरिश इंजिनांच्या आणि डब्यांच्या प्रतिकृती घडवल्या. त्यांतल्या काही मूळ गाड्या पुढे भंगारात गेल्या, तरी त्यांचा नेमका आकार त्याच्या कामात टिकला. आज तो संग्रह डब्लिनजवळ मालाहाइडला लोकांना पाहायला मिळतो. आपल्याकडे नागपूरच्या मोतीबागेत 2002 साली नॅरोगेज रेल्वे संग्रहालय उघडलं. तिथे खऱ्या इंजिनापुढे उभं राहून परवानगीनं फूटपट्टी लावता येईल, रिव्हेट मोजता येतील. पण स्टेशनाच्या भिंतीचा रंग, सिग्नलच्या दांडीची उंची, फलाटावरचं झाड, वाघिणींचा क्रम ही माहिती संग्रहालयात मिळत नाही. ती निवृत्त ड्रायव्हर, गार्ड, सांधेवाले आणि लाईनमन यांच्या आठवणीत आहे, घरोघरच्या जुन्या फोटोंच्या मागच्या कोपऱ्यात आहे.

म्हणून ब्रह्मपुरी, वडसा, नागभीड, सिंदेवाही, मूल इथल्या वाचकांना विनंती. तुमच्या घरात रेल्वेत नोकरी केलेलं कुणी वडीलधारं असेल, तर या रविवारी त्यांच्याजवळ बसा. स्टेशनाचा आराखडा त्यांच्याकडून कागदावर काढून घ्या: कुठे पाण्याचा खांब होता, कुठे मालधक्का, किती सांधे. जुन्या फोटोंच्या मागे साल आणि ठिकाण लिहून ठेवा. इंजिन पुढच्या वर्षीही करता येईल, हे काम मात्र याच वर्षी करा. पुढच्या लेखांकात डिझेल इंजिनाच्या धडाचं कापकाम पाहू. त्यासाठी पोलादी पट्टी, धारदार कटर आणि अर्ध्या मिलिमीटरचा प्लॅस्टिक पत्रा जवळ ठेवा.